औषधाच्या दुकानापासून चार मिनिटं

मंगळवार, ४ मार्च

गाडीचा आवाज बंद करायचा म्हणे! मेलेच मी.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सकाळी कागद घेऊन वर आल्या. आवारातल्या अठरा घरांच्या सह्या. महिनाअखेरपर्यंत तुमच्या स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर बदला, नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर लावा. आणि वर मलाच म्हणतात, "तुम्हालाही सुटल्यासारखं होईल की! तुमच्या तर कानाशीच येऊन थांबते ती." मी हसले. चहा घेता का विचारलं. दुसरं काय करणार?

त्यांना काय सांगू? या अख्ख्या आवारात त्या आवाजावर जीव असलेली एकच बाई आहे, आणि ती मी.

बुधवार, ५ मार्च

नीट लिहून काढते. लिहिलं की डोकं ताळ्यावर येतं.

ह्यांची गाडी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी वळते. तिथे चढ लागतो, म्हणून गिअर खाली येतो आणि ती गुरगुरते. मी स्वयंपाकघरात असू दे, न्हाणीघरात असू दे, ऐकू येतंच. मग फाटक. मग बूड घासू नये म्हणून उतारावरून मुंगीच्या पावलानं खाली. मग बॉनेटवरून फडकं. मग दोन जिने. सगळी मिळून चार मिनिटं.

चार मिनिटांत काय काय होतं! रेडिओ बंद, आणि काटा परत बातम्यांवर. ताईशी फोन चालू असेल तर "ठेवते" एवढंच, आणि यादीतून तिचा नंबर पुसायचा. सोफ्यावरच्या उशा उभ्या. ठकी नाचत असेल तर तिचा घाम पुसून, वेणी घट्ट करून, पुस्तक देऊन टेबलाशी बसवायचं. हल्ली सांगावं लागत नाही. नऊ वर्षांची पोर, पण माझ्याआधी तिचे कान टवकारतात. "आई, वळले!" म्हणते आणि स्वतःच जाऊन बसते. ही वही इस्त्रीच्या फळीच्या कापडाखाली. इस्त्रीला ह्यांचा हात कधी लागायचा नाही.

आत आले की हे टीव्हीच्या पाठीवर हात ठेवतात, गरम आहे का बघायला. मग किटलीवर. मग माझा फोन मागतात. आवाज कधी चढवत नाहीत. बाहेर सगळे म्हणतात, काय शांत माणूस आहे!

यायची वेळ ठरलेली नाही. मुद्दामच ठरवलेली नाही. कधी सातला, कधी चारला, कधी भर दुपारी एकला. खिडकीतून कोपरा दिसत नाही, समोर पलीकडच्या इमारतीची भिंत. मला तो आवाज तेवढा आहे. तोही गेला तर मी काय कर— वळले

गुरुवार, ६ मार्च

ह्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "लोकांच्या डोळ्यांत सलते गाडी," एवढंच बोलले. रस्त्यावर लावणं शक्यच नाही, ओरखडा आला तर? मग माझ्याकडे वळून म्हणतात, "तूच बघ. तीन-चार ठिकाणी फोन कर. कुठला घ्यायचा ते कागदावर लिहून दे. आवाज कमी हवा, पण गाडीचा जोर जाता कामा नये."

मी का? निवड माझी असली की चूकही माझीच होते. पडद्यांचं तेच झालं. ठकीच्या शाळेचंही तेच.

शुक्रवार, ७ मार्च

मागच्या वर्षी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तो दिवस. हे टॅक्सीनं आले. मला कुठून कळणार! मी ताईशी फोनवर खिदळत होते, ठकी सोफ्यावर उड्या मारत होती. वळून बघते तर दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. ठकीला म्हणाले, "आत जा, बाळा." माझा हात धरला, पत्र्याच्या कपाटाच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. सावकाश.

उजव्या हाताची दोन बोटं अजून धड वळत नाहीत, म्हणून हे अक्षर असं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. डॉक्टरांना सांगितलं, दारात सापडली. डॉक्टर म्हणाले, "जपून हो, वहिनी." ताईशी बोलायचं नाही असं तेव्हापासून ठरलंय. म्हणजे त्यांनी ठरवलंय. मी बोलते.

शांत गाडी आली की रोज तो दिवस. मला विचारच करवत नाही.

शनिवार, ८ मार्च

गॅलरीच्या कठड्याला छोटा आरसा बांधून बघितला. त्यात कोपरा दिसतो! पण बोटाच्या नखाएवढा. गाडी कुठली, सायकल कुठली, काही कळत नाही. काढून टाकला.

मग ठकीला जिन्याच्या खिडकीत उभं केलं. अर्धा तास उभी राहिली बिचारी. संध्याकाळी हे जेवताना सहज म्हणाले, "मुलगी जिन्यात काय करत होती? कोणाची वाट बघत होती?" ठकी म्हणाली, "तुमची, बाबा." आणि हसली! नऊ वर्षांच्या पोरीला असं हसता येतं, हे मी शिकवलंय तिला.

सोमवार, १० मार्च

फोन केले. रडू की हसू कळेना.

पहिला गॅरेजवाला: "ताई, आमचा डबा बसवा. गाडी चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागेल!" मी म्हटलं, "जरा दुसरा नाही का?" "दुसरा कसला?" "म्हणजे... थोडा ऐकू येणारा." तर म्हणतो, "ताई, तुम्हाला तक्रार मिटवायची आहे का वाढवायची आहे?"

दुसऱ्याकडे गाडीच्या कंपनीचाच मूळचा सायलेन्सर मिळतो. तो म्हणे पहिल्याहून शांत. वर गॅरंटी! आवाज आला तर बदलून देऊ म्हणाला. असं रडकुंडीला आलेलं गिऱ्हाईक त्याला उभ्या जन्मात मिळालं नसेल.

तिसरे म्हातारे आहेत, आवाजावरून तरी. सगळे त्यांना काका म्हणत असावेत. त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवतं? मी म्हटलं, आमचे हे. "हौशी आहेत?" फार. "मग बटणाचा घ्या," म्हणाले. नळीत एक झडप असते. स्टिअरिंगपाशी बटण. दाबलं की झडप बंद आणि गाडी मांजरासारखी चालते. पुन्हा दाबलं की झडप उघडी आणि आवाज जसा होता तसा! आवारात शिरताना बंद करायची, बाहेर उघडायची. तक्रार करायला कोणाला जागाच नाही.

फोन ठेवला तर कानशिलं गरम झाली होती. बाहेर उघडायची! औषधाच्या दुकानासमोर कॉलेजची मुलं उभी असतात, गाडी बघायला. तिथे हे झडप बंद ठेवतील? मेले तरी नाही!

मंगळवार, ११ मार्च

कागद लिहून दिला. बटणाचा तिसऱ्या नंबरवर टाकला, म्हणजे माझा आग्रह दिसायला नको. पहिल्यापुढे लिहिलं, "जोर कमी होतो." दुसऱ्यापुढे लिहिलं, "मागून डबा मोठा दिसतो." ह्यांचं बोट तिसऱ्यावर येऊन थांबलं. "हा का शेवटी टाकलास? हाच तर बरा आहे. तुला कळत नाही त्यातलं." मी म्हटलं, "नाहीच कळत."

आज मला माझा फार अभिमान वाटतोय. पानावर लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

हे कालपासून ऑफिसच्या कामानं दोन दिवस बाहेर. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली! लग्नानंतर पहिल्यांदा. अर्थात किलोमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला, घर ते गॅरेज आणि परत एवढंच अंतर त्यात मिळवून. "इकडेतिकडे गेलीस तर कळेल."

लग्नाआधी बाबांची गाडी चालवायचे मी. पाय विसरले नव्हते. ही एवढी खाली बसकी, की वाटतं रस्त्यावरच बसलोय. पहिल्या वळणावर घाम फुटला, दुसऱ्यावर चक्क मजा आली. ठकी शेजारी. "आई, तू चालवतेस!" दहा वेळा म्हणाली.

काका खरंच म्हातारे निघाले, भिंगासारखा जाड चष्मा. दोन तासांत बसवला. मी म्हटलं, मला लांबून ऐकायचाय. गॅरेजपासून आमच्या कोपऱ्याएवढं अंतर मोजत गेले, एका झाडाखाली उभी राहिले. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. झडप उघडी, छान ऐकू आलं! मग बंद. आणि काहीच नाही. काही म्हणजे काहीच. झाडावरच्या चिमण्या तेवढ्या. गाडी अंगावर आली असती तरी कळलं नसतं.

काका बॉनेटला टेकून ओरडले, "काय वहिनी? बोललो होतो की नाही?" मी मान हलवली.

ठीक आहे. ह्यांना बंद ठेवायला थोडंच आवडणार आहे.

सोमवार, १७ मार्च

ऐकू आली! शनिवारी, काल, आज. औषधाच्या दुकानाशी गुरगुर, चढावर गुरगुर, फाटकाशी एकदम गप्प. मास्तरीणबाई खूश, हे खूश, मी तर खूशच खूश! चार मिनिटं परत मिळाली. आज रेडिओ लावून ठकीबरोबर मीही नाचले, बोटं दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, २० मार्च

आज आवाज आलाच नाही.

शुक्रवार, २१ मार्च

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

साडेचार. ठकी दिवाणखान्यात दोरीवरच्या उड्या मारत होती, मोठ्यानं मोजत. रेडिओ चालू. मी तिची उडी चुकली की ओरडत होते, "गेली, गेली!" दाराकडे माझी पाठ. ठकी एकदम थांबली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, मागे कोण आहे ते.

हे हसत होते. "दुकानाशीच दाबलं बटण," म्हणाले. "म्हटलं बघू तरी, मी आलो की एवढं शहाणं असणारं घर मी नसताना कसं असतं." मग माझ्याकडे बघून, "बरा निवडलास गं सायलेन्सर."

मला वाटलं, खण. हात आपोआप पाठीमागे गेला. पण हे खुर्ची ओढून ठकीसमोर बसले. "थांबलीस का? मार की उड्या. मी सांगेपर्यंत."

तिनं मारल्या. मी मधे गेले तर म्हणाले, "तू मधे आलीस की पहिल्यापासून मोजायच्या." मी दोनदा मधे गेले. दोनदा पहिल्यापासून. मग मी भिंतीला टेकून उभी राहिले. काय आई आहे मी! तीनशेच्या पुढे तिचे पाय लटपटायला लागले, पण पोरगी मोजत होती, आकडा न चुकवता. ओकली तेव्हा हे उठले. "पुसून घे," म्हणाले, आणि अंघोळीला गेले.

निवडला कोणी? मी. हौसेनं, कागदावर लिहून, नंबर घालून! आणि वर शहाणपण केलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. पहिला डबा घेतला असता तर निदान रोजचं रोज सावध तरी राहिलो असतो. ह्या असल्या माणसाच्या हातात मी बटण दिलं.

"हे", "ह्यांनी", "ह्यांचं". हे पान माझं आहे, इथे कोणाचा धाक आहे मला? आजपासून तो.

सोमवार, २४ मार्च

परवा आवाज आला. काल आला नाही. आज दोनदा आला! पण एकदा तो स्वतः घरी आलाच नाही, नुसता कोपऱ्यावरून वळून परत गेला. खेळतोय.

ठकी शाळेतून येते, दप्तर ठेवते, टेबलाशी बसते. उठतच नाही. पाणी पाहिजे का विचारलं तर खुणेनं सांगते. काल अंथरूण ओलं केलं, पाच वर्षांनी. मी रेडिओ लावत नाही. दिवसभर उशा उभ्या, केस बांधलेले, फोन टेबलावर पालथा. चार मिनिटं आता दिवसभर चालू असतात.

बुधवार, २६ मार्च

मास्तरीणबाई दुपारी वर आल्या. दार लावून घेतलं. बसल्या नाहीत.

"गुरुवारी वर काय आपटत होतं एवढं?" मी म्हटलं, ठकी दोरीवरच्या उड्या मारत होती. "पाऊण तास?" मी सोफ्यावरची उशी सरळ करायला लागले. त्या म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं वर्गावर गेले मी. माझं पाऊल वाजलं की वर्ग चिडीचूप व्हायचा. मला मोठा अभिमान होता त्याचा, मूर्ख होते. तुमच्या घरात तेच होतं. गाडी वळली की वरची पावलं बंद. मला वाटायचं मुलीला शिस्त आहे. आता गाडी वाजत नाही, आणि पावलंही नाहीत. दिवसभर."

मग म्हणाल्या, "तो कागद मीच फिरवला. माझ्या हातून काय झालंय ते सांग मला."

मी सांगितलं. सगळं नाही, पण बोटं दाखवली. त्या बराच वेळ माझा हात हातात धरून उभ्या होत्या. रडल्या नाहीत, बरं झालं, नाहीतर मी कोसळलेच असते. त्यांच्या फोनवरून ताईला लावला. ताई पलीकडून नुसती "ये, ये, आत्ता ये" म्हणत राहिली. कशी येऊ? चार तासांचा रस्ता आहे.

गुरुवार, २७ मार्च

मागे एकदा निघाले होते. ठकी चार वर्षांची, कडेवर, एक पिशवी. बसथांब्यापर्यंत पोचलेही नव्हते. मागून तो आवाज आला. गाडी अगदी शेजारून हळूहळू चालवत राहिला, काच खाली. "दमलीस ना? बस." बसले.

मास्तरीणबाई म्हणतात टॅक्सी बोलावते. टॅक्सीला तो दहा मिनिटांत गाठेल, ती गाडी आहे कशासाठी! पोलिसात जा म्हणाल्या. मी म्हटलं, आधी ठकी लांब जाऊ दे, मग कुठेही येते, काय हवं ते लिहून देते.

शनिवार, २९ मार्च

ठकीनं कानाशी येऊन विचारलं, "आई, बाबा गावाला गेले तर तेव्हा बोललं तर चालेल?"

रविवार, ३० मार्च

भाजी चिरून झाली. तो अंघोळीला गेलाय. किल्ली खुंटीवर आहे, दोनदा बघितली.

सोमवार, ३१ मार्च

ताईच्या घरी.

काल तो जेवून सोफ्यावर आडवा झाला. तो घरात असला की किल्ली दारामागच्या खुंटीवरच असते. मी तिला हात लावीन असं त्याच्या स्वप्नातही नसणार. ठकी चपला हातात घेऊन माझ्यामागून जिना उतरली. बटण दाबून झडप बंद आहे ना, तीनदा बघितलं. गाडी सुरू झाली ते समोरचे दिवे लागले म्हणून कळलं. रविवारी दुपारी फाटक लावलेलं असतं, काल उघडं होतं. मास्तरीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कुंड्यांना पाणी घालत होत्या. हातभर अंतरावरून गेलो तरी वळल्या नाहीत.

आता गाठायला त्याच्याकडे गाडी नाही. ताई अकरा वाजता आम्हाला पोलिसात घेऊन जाणार आहे.

तो काल कधी उठला, माहीत नाही. आम्हाला काही ऐकू आलं नाही.